भिंत हलत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

पेंटरना कॅमेरा हवा आहे. एकसष्टाव्या वर्षी. लोकांना या वयात गुडघेदुखी होते, कानाला दडे बसतात. आमच्या घरात कॅमेरा उगवला.

पेंटर म्हणजे आमचे हे. सगळा गाव त्यांना पेंटर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. लग्नानंतर महिनाभर 'अहो' म्हणून पाहिलं, पण ते वळूनच बघायचे नाहीत.

कारण असं. नगरपालिकेचं फर्मान आलंय की बाजारगल्लीतल्या सगळ्या पाट्या महिनाअखेर उतरवायच्या. त्यांच्या जागी एका मापाच्या, एका रंगाच्या, आतून दिवा लागणाऱ्या पाट्या येणार. भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींवर चुना फिरणार. त्या गल्लीत पेंटरच्या हातच्या एकेचाळीस पाट्या आहेत. "उतरायच्या आधी फोटो काढून ठेवतो," म्हणाले. "पण नीट काढलेले हवेत. अक्षराची कड दिसली पाहिजे."

म्हटलं, फोन आहे की. तर म्हणे, फोन हातात राहत नाही. फोन आहे की साबणाची वडी?

तशी नवी कामं आठ महिने घेतलेली नाहीत. दातांच्या डॉक्टरने पाटीसाठी दोनदा निरोप धाडला. "ब्रश पूर्वीसारखे मिळत नाहीत," असं उत्तर गेलं. नाचता येईना अंगण वाकडं. आधी ब्रश वाकडे होते, आता फोन वाकडा.

५ नोव्हेंबर, बुधवार

ड्युटीवरून येताना कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. त्या दुकानदाराचं नाव मी मेगापिक्सेल ठेवलंय. तो शब्द त्याच्या तोंडी नसतो तो फक्त तो थुंकी गिळतो तेव्हा.

"मॅडम, रोजच्या फोटोंना दोन रस्ते आहेत," म्हणाला. "एक कॉम्पॅक्ट. खिशात मावतो, दाबलं बटण की झालं. दुसरा मिररलेस. भिंग बदलता येतं, रिझल्ट एक नंबर. नावाप्रमाणे यात आरसा नसतो."

"त्या लहानात असतो का?"

"नाही."

"मग दोन्ही बिनआरशाचेच. एकालाच काय ते नाव?"

मेगापिक्सेलने काउंटर पुसायला घेतला. चौतीस वर्षं मी एक्स-रे काढते. चित्र कसं उमटतं ते मला शिकवायला आलाय.

मला लहानच पटला. चष्म्याच्या घराएवढा आहे, पर्समध्ये टाकला की विसरायचा. पेंटरनी तो घेतला, हात लांब करून मागच्या पडद्यात बघितलं आणि गरम तवा ठेवावा तसा पटकन खाली ठेवला. मग तो मोठा उचलला. त्याला डोळा लावायची एक खिडकी आहे. पेंटरनी तो नाकाकपाळाला भिडवला, कोपरं बरगड्यांवर दाबली आणि राहिले उभे. किती वेळ.

मेगापिक्सेल म्हणाला, "काका, यात स्टॅबिलायझेशन आहे. हात थोडा हलला तरी चित्र सांभाळून घेतो."

"थोडा म्हणजे किती?"

"म्हणजे, थोडा."

"आणि सारखाच हलत असला तर?"

"इतका कुणाचा हलतो काका," म्हणून तो हसला. पेंटरही हसले. दुकानदाराला असले उंटावरचे प्रश्न विचारून डोक्यावर चढवून ठेवायची यांची जुनी खोड.

घेतलं काहीच नाही. येताना मी म्हटलं, लहान घेऊ. ते म्हणाले, मोठा. कोपऱ्यापर्यंत ते पुढे, मी मागे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वन्सं आल्या होत्या. दोन गल्ल्या सोडून राहतात, पण वास आल्यासारख्या येतात. भावाची बाजू घ्यायची असली की घरात पाऊल टाकायच्या आधीच घेऊन ठेवतात.

"त्याला हवा तो घेऊ दे गं. तुझं काय जातं?"

"पर्समध्ये मावेल असा घ्यावा म्हणते मी. उद्या हे तो किलोभराचा धोंडा गळ्यात घालून फिरणार, आणि मान धरली की शेकायला मी."

"बाबांचं बघितलंयस ना तू," असं म्हणून वन्सं एकदम थांबल्या आणि पाणी मागितलं.

बाबांचा काय संबंध? मामंजींनी जन्मात कॅमेरा धरला नाही. शेवटची दोन वर्षं तर त्यांना चहाचा कपसुद्धा मीच धरत होते. पण बोलता बोलता वडिलांना मध्ये आणायचं आणि डोळे पुसायचे, ही या बहीणभावांची रीतच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. पेंटरच्या रंगाच्या खोलीची सफाई काढली. आठ महिने ब्रशला हात नाही, तरी डबे मात्र राजाच्या खजिन्यासारखे जपलेले. कोपऱ्यात हातभर लांब नवी काठी सापडली, टोकाला चिंध्यांचा गोळा घट्ट बांधलेला. मी तिने छताची जाळी काढली. फार छान निघतात.

पेंटर दारात येऊन बघत उभे राहिले. "ती..." म्हणाले आणि गेले. मदत करायला नको.

हल्ली चहाही अर्धाच कप घेतात, तोही दोन्ही हातांनी, जणू बाहेर बर्फ पडतंय. "उरलेला का सोडता?" म्हटलं तर "भूक मरते." चहाने भूक मरायला काय अख्खी किटली लागते?

१२ नोव्हेंबर, बुधवार

तोडगा काढला. आमच्या हॉस्पिटलातल्या रक्त तपासणीवालीकडे एक लहान कॅमेरा पडून आहे. चार दिवसांसाठी मागून आणला. आधी वापरून तर बघा, मग मेगापिक्सेलचं पोट भरा.

पेंटर सकाळी घेऊन गेले, दुपारी आले. "काढले," एवढंच म्हणाले आणि कॅमेरा टेबलावर ठेवून पालथे झोपले. जसं काही डोंगर खणून आले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बावीस फोटो. त्यातले बावीस हललेले. अक्षरांच्या कडा अशा की पाटीवर कुणी ओला फडका फिरवलाय.

वारा होता काल, पाट्या हलल्या. त्या टांगलेल्या असतात, हलणारच. माझ्या धंद्यातला पहिला नियम हाच आहे: चित्र हललं तर पेशंट हलला. यंत्र जमिनीत स्क्रूने बसवलेलं असतं, ते हलत नाही. म्हणून आम्ही यंत्राकडे बघतच नाही, पेशंटला दटावतो. श्वास घ्या, धरा, सोडा.

हे पेंटरना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. "असेल, वारा असेल," म्हणाले. पहिल्यांदा माझं पटलं म्हणायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज वारा अजिबात नव्हता. मी मुद्दाम बरोबर गेले, म्हटलं बघू कसे हलतात.

सलूनच्या पाटीपासून सुरुवात केली. पिवळ्यावर निळी अक्षरं आहेत, खाली लाल सावली. वीस वर्षांत कड कुठे उडाली नाही, हे मान्य करावं लागेल. सलूनवाला पाटीखाली येऊन पोझ देऊन उभा राहिला. मी सवयीने म्हटलं, "श्वास घ्या, धरा, हलू नका." त्या बिचाऱ्याने इतका वेळ धरला की गाल फुगले. फोटोत तो कुणाचा तरी गुन्हा लपवल्यासारखा दिसतो.

आणि तोही फोटो हललेला. पुढचे सगळेही.

पेंटर म्हणाले, "हा कॅमेरा असा लांब धरावा लागतो गं. मला तो खिडकीवालाच हवा."

मग मात्र माझं डोकं फिरलं. सलूनवाल्यासमोरच म्हटलं, "कॅमेऱ्याला कशाला नावं ठेवता? तुमचेच हात काय लुळे पडलेत का?"

पेंटरनी कॅमेरा माझ्या हातात दिला, हात खिशात घातले आणि चालू लागले. सलूनवाला उगाच दुकानातली झाडलेली जमीन पुन्हा झाडायला लागला.

रात्री भिंतीकडे तोंड करून जेवले. रुसायचं वय आहे का हे?

१९ नोव्हेंबर, बुधवार

नगरपालिकेची माणसं घाईला आली. गल्लीच्या टोकाच्या तीन पाट्या आज उतरवल्या: पिठाची गिरणी, छत्री दुरुस्ती आणि घड्याळवाला. पेंटर तिथे उभे होते म्हणे, वन्संनी सांगितलं. घड्याळवाल्याने विचारलं, "पेंटर, नेता का घरी?" यांनी नको म्हटलं. सहा फुटांची पाटी ठेवणार कुठे, हेही खरंच.

एकेचाळीसातल्या तीन गेल्या. एकीचाही धड फोटो नाही. आणि हे दिवसभर खिडकीत बसून समोरची भिंत बघतात.

मला वाईट वाटलं. पण बोलले नाही, कारण वाईट वाटलं म्हटलं की लगेच मोठा कॅमेरा घ्यावा लागेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जेवणाच्या सुट्टीत, परत करायच्या राहिलेल्या त्या लहान कॅमेऱ्यातलं कार्ड आमच्या खात्यातल्या मोठ्या पडद्यावर लावलं. पेंटरच्या तोंडावर पुरावा फेकायचा होता, की कॅमेरा बरा आहे आणि पाट्या हलतात. कपडेवाला, चष्मेवाला, किराणा, सगळे बघत गेले. कडा पुसट. टांगलेल्या आहेत, ठीक आहे.

मग सायकलवाल्याची आली. ती पाटी नाहीच. दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर थेट रंगवलंय, पुरुषभर उंचीचं एकेक अक्षर.

तीही हललेली होती.

भिंत हलत नाही.

डबा तसाच बंद करून ठेवला. चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. श्वासाने हललेलं चित्र एकाच बाजूला ओघळतं. हे तसं नव्हतं. एका कडेच्या शेजारी दुसरी कड, तिच्या शेजारी तिसरी, जवळजवळ, सारख्या अंतरावर. असली चित्रं मी शेकड्यांनी फेकून दिलीत. म्हातारे पेशंट येतात, काचेवर हात ठेवतात, हात ठरत नाही. मी नातेवाइकांना सांगते, धरून ठेवा जरा. कुणाचा हात ठरणार नाही ते मी लांबून बघून सांगते, पेशंट दारातून आत यायच्या आधी.

लग्नाआधी मी पेंटरची दुसरी कुठलीच गोष्ट पाहिली नव्हती, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची हाडं पाहिली होती. मनगट धरून सत्तावीस. आमच्याच खात्याची पाटी रंगवायला आले होते आणि पेशंटच्या चाकाच्या स्टुलावर चढले. चाकाच्या स्टुलावर कोण चढतं? पडले ते थेट माझ्या काचेवर. मनगटाला चीर गेलेली, घाम फुटलेला, पण मी 'हलू नका' म्हणायच्या आत हात असा ठेवला की प्लेट पहिल्या झटक्यात स्वच्छ आली. तेव्हा मी म्हटलं होतं, असा न हलणारा हात मी पाहिला नाही. फार लाजले होते.

ती काठी जाळ्यांची नव्हती. पाटी रंगवताना हाताखाली टेकायला असते ती, आता आठवलं. उमेदीत हे अशा काठीवाल्या पेंटरांची टर उडवायचे, म्हणायचे, काठी म्हाताऱ्यांनी घ्यावी. म्हणजे खोलीचं दार लावून, ती बांधून, एकट्याने करून बघितलं असणार. आणि मी तिने जाळी काढली.

वन्संना माहीत आहे. मेगापिक्सेललासुद्धा अर्धं सांगून झालं. मला नाही सांगितलं. का सांगतील? मी सलूनवाल्यासमोर काय बोलले ते लिहिलंच आहे वर. खोडत नाही, राहू दे.

चौतीस वर्षं, आणि म्हणे फोटो म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. मेगापिक्सेलने पुन्हा दोन रस्ते सुरू केले. म्हटलं, बडबड नको, खिडकीवाला द्या. हात सांभाळणारा. तो म्हणाला, "मॅडम, रोजच्याला लहान बरा, असं तुम्हीच म्हणत होता." म्हटलं, मी काय काय म्हणत असते, तुम्ही कशाला लक्षात ठेवता?

घरी येऊन खोका टेबलावर ठेवला. पेंटर खोक्याकडे बघत राहिले.

"लहान नको म्हणालीस?"

"पर्समध्ये मावेना."

पर्समध्ये माझी छत्री, डबा आणि पाण्याची बाटली मावते. पेंटरनी पर्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी भांडी घासायला गेले, घासलेलीच होती.

दुपारी मज्जातंतूंच्या डॉक्टरांची पाच तारखेची वेळ घेतली. पेंटरना सांगितलं, माझ्या मानेला दाखवायचंय, सोबत चला.

"तुझ्या मानेला काय झालं?"

"आखडलीय."

"जन्मापासूनच आहे ती," म्हणाले. पण येतो म्हणाले.

काठी धुऊन, गोळा नवा बांधून होती तिथे ठेवली.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सातला गल्लीत. दुकानं बंद, त्यामुळे शहाणे कमी. कोपरं बरगडीला, डोळा खिडकीला. पहिला फोटो बरा आला, दुसराही. मग गल्लीच्या सावलीतल्या पाट्या आल्या. उजेड कमी पडला की त्या यंत्राचाही इलाज चालेना. दोनदा हलला, तीनदा हलला. पेंटरनी कॅमेरा खाली घेतला आणि हात खिशाकडे जायला लागला.

मी त्यांच्या पुढे जाऊन पाठमोरी उभी राहिले. "टेकवा," म्हटलं.

"काय?"

"कॅमेरा. माझ्या खांद्यावर. इतकी वर्षं डोक्यावर बसलात, आता खांद्यावर ठेवायला काय झालं?"

 मग खांद्यावर वजन आलं. कॅमेऱ्याचं, आणि त्याच्याखाली हाताचं. ब्लाउजातून कळत होती ती थरथर. बारीक, सारखी. हा हात रोज घरात असतो.

मी समोर बघत म्हटलं, "श्वास घ्या. धरा. सोडा."

"पेशंटांवर असंच खेकसतेस होय?"

"पेशंट उलट बोलत नाहीत. पुढची."

एकूण सदतीस पाट्या झाल्या, सायकलवाल्याची भिंतसुद्धा. सलूनवाला कुलूप उघडायला आला आणि आम्हाला बघून म्हणाला, "वहिनी, ट्रायपॉड मिळतो बाजारात." म्हटलं, तो उलट उत्तरं देत नाही, म्हणून पेंटरना करमत नाही.

अडतिसावी औषधाच्या दुकानाची, तिच्यावर ट्रक लागला होता. मागाहून लिहितेय: तिच्यासाठी पुन्हा जावं लागलं मंगळवारी. आली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सगळ्या उतरल्या. नव्या लागल्याही. गल्लीत आता रात्री ऑपरेशन थिएटरसारखा उजेड असतो आणि कुठलं दुकान कुठलं ते दारात गेल्याशिवाय कळत नाही. चष्मेवाल्याकडे दोन माणसं चपला मागून गेली म्हणे. नगरपालिकेचं भलं होवो.

पेंटर दुपारी हॉस्पिटलात आले, गळ्यात कॅमेरा. म्हणाले, एक राहिली. आमच्या खात्याची. एक्स-रे विभाग, आत येण्यापूर्वी विचारावे.

"ही कुठे उतरणार आहे?"

"उतरणार नाही. पण तू उतरशील की मार्चमध्ये."

माझ्या निवृत्तीबद्दल हे बोलायची ही पद्धत. मी पाटीसमोर पाठ करून उभी राहिले, मग लक्षात आलं, तोंड पाटीकडे हवं, आणि वळले. एकतीस वर्षं तिच्याखालून जातेय. शेवटचं अक्षर जरा खाली घसरलंय, कारण तिथे स्टूल सरकलं होतं. प्लास्टर निघाल्यावर येऊन दुरुस्त करतो म्हणाले होते. ते दुरुस्त करायला म्हणून सहा महिने येत राहिले आणि अक्षर तसंच आहे.

खांद्यावर वजन आलं. मी म्हटलं, श्वास घ्या. धरा. पुढचं म्हणायला जरा उशीर झाला.

खटका वाजला. पेंटरनी मागच्या पडद्यावर बघितलं.

"हललाय," म्हणाले. मग अगदी हळू, "माझा हात गं..."

"तुमच्या हाताला काय झालंय?" मी म्हटलं. "खांदा माझा होता. हलला असेल. टेकवा परत."

दुसरा स्वच्छ आला, अक्षराची कड न कड. पण पेंटरनी मोठा करून घ्यायला मेगापिक्सेलकडे पहिलाच दिलाय. माणसाला फोटोतलं काही म्हणजे काही कळत नाही.